सातबाऱ्यावरचं सोनं

जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात जॉन सटर यांच्या लाकूड-गिरणीपाशी सोन्याचे कण सापडले. बातमी फुटली आणि सॅन फ्रान्सिस्को हे जेमतेम हजार वस्तीचं गाव दोन वर्षांत पंचवीस हजारांवर गेलं. सटर मात्र बुडाले. गडी सोन्यामागे पळाले, जमिनीवर परके घुसले. ज्याच्या गिरणीपाशी सोनं सापडलं, त्याच्याच हाती काही लागलं नाही.

पेण तालुक्यातल्या डोलवीला धावपळ अशीच झाली, पण सोनं कुणी खणलं नाही. इथे खनिजच नाही. ते जहाजांतून आणि बार्जमधून धरमतरच्या जेट्टीवर येतं. इथे सापडली ती जागा. एका अंगाला अंबेची खाडी, दुसऱ्या अंगाला मुंबई-गोवा महामार्ग, आणि मुंबई हायचा गॅस आवाक्यात. १९९४ मध्ये त्याच गॅसवर चालणारा स्पंज आयर्नचा कारखाना उभा राहिला. पुढे तो इस्पात इंडस्ट्रीज म्हणून ओळखला गेला, २०१० च्या अखेरीस जेएसडब्ल्यूकडे गेला. तेव्हाची वर्षाला ३३ लाख टन पोलादाची क्षमता आता एक कोटी टनांवर आहे.

मग ओघानेच ट्रक आले, ठेकेदार आले, बिहार-ओडिशाचे कामगार आले, आणि त्यांच्यासाठी भाड्याच्या खोल्या आल्या.

पण डोलवीच्या आसपासच्या खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातली, खरी गोष्ट सातबाऱ्यात आहे. इथली भातशेती म्हणजे समुद्राकडून हिसकावलेली जमीन: मातीचे बांध, भरतीचं पाणी अडवणाऱ्या उघाड्या, आणि खारटपणा सोसणारा तांबडा राता भात. कसणारे बहुतेक आगरी, मालक पूर्वी खोत-सावकार. खाडीपलीकडे चरीला ऑक्टोबर १९३३ मध्ये कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेती कसायचंच थांबवलं. तो संप १९३९ पर्यंत चालला. पुढे १९४८ चा कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कूळ मालक झालं. हे झालं नसतं, तर कारखाने आले तेव्हा जमिनीचा पैसा कुळाला ओलांडून थेट खोताच्या वाड्यात गेला असता. सटर यांना जे मिळालं नाही ते, कमीजास्त का होईना, आजोबांच्या संपामुळे नातवांच्या पदरात पडलं.

पदरात पडलं, पण कुणाच्या? एकरकमी पैसा आला की घराला स्लॅब पडतो, दारात गाडी येते, हळदीचा मांडव मोठा होतो. आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीला माहेरचं बोलावणं येतं. जेवणानंतर तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं. तोवर सातबाऱ्यावरच्या तिच्या नावाची आठवण कुणाला नसते.

सगळेच विकायला उतावीळ होते असंही नाही. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमिनी मागितल्या गेल्या तेव्हा पेणच्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी विरोध केला. २१ सप्टेंबर २००८ रोजी तिथे सरकारने शेतकऱ्यांचं मतदान घेतलं. जमीन द्यायची की नाही, हे मतपेटीतून विचारण्याची वेळ सरकारवर आली, ही साधी गोष्ट नव्हे. तो सेझ अखेर झालाच नाही.

बांधाचा हिशेब मात्र वेगळा. उधाणाला बांधाला खांड पडली, की पूर्वी घरटी एक माणूस फावडं-टोपली घेऊन धावायचा. दहांतल्या सातांनी शेत विकलं, की उरलेल्या तिघांना खांड बुजवायला माणसं पुरत नाहीत, आणि खारं पाणी त्यांच्या रात्यात शिरतं.