ताडोबाला मोटार कशाला?

ताडोबाला स्वतःची गाडी हवीच, हा समज एकदा तपासून पाहावा. चंद्रपूर दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर आहे. तिथून मोहर्ली प्रवेशद्वार सुमारे ३० किलोमीटर, आणि एसटी जाते. पुढे जंगलातली सफारी नोंदणीकृत जिप्सीतून, सोबत गाइड. म्हणजे पुण्या-मुंबईहून रात्रभर हाकत आणलेली मोटार शेवटी फाटकाबाहेर धूळ खात उभी!

पहाटेच्या सफारीला एसटी पोचवत नाही, हा आक्षेप मात्र खरा. त्यावर उपाय आदल्या संध्याकाळीच मोहर्लीत मुक्कामाला जाण्याचा. लांबून येणाऱ्या मोटारवाल्यांनाही तो सहसा चुकत नाही. फेऱ्या मोजक्याच, तेव्हा परतीची वेळ चंद्रपूर बसस्थानकावरच विचारून घ्यावी. मंगळवारी ताडोबा बंद असते.