जुन्या मोडी कागदावरचे साल कसे ओळखायचे?

खुटबावसह दौंड-शिरूर पट्ट्यातील एखाद्या वाड्याच्या माळवदावर जुना मोडी कागद सापडला, की पहिला प्रश्न येतो : हा कधीचा? वतनाचा दावा असो, वंशावळ असो की कुणबी नोंदीचा शोध, कागदाचा काळ चुकला तर पिढीच चुकते. मात्र त्यावर इसवी सन क्वचितच असतो. मग ते ओळखायचे कसे?

एक दिवस, सात साले

शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमाची लढाई १ जानेवारी १८१८ रोजी झाली. त्या एका दिवसाची वेगवेगळ्या गणनांतील साले अशी :

- शालिवाहन शके : १७३९
- संवत्सर : ईश्वर
- विक्रम संवत : १८७४
- राज्याभिषेक शक : १४४
- हिजरी : १२३३
- शुहूर सन : १२१८
- फसली : १२२७

शके आणि संवत्सर

शके वर्ष गुढीपाडव्याला बदलते. त्यामुळे पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत शकात ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळवले, की इसवी सन मिळतो. संवत्सरांची नावे ६० असून ती चक्राने फिरतात. म्हणून नुसते 'ईश्वर नाम संवत्सरे' वाचून काळ ठरत नाही. तेच नाव १९९७ च्या पाडव्यालाही आले होते. मात्र शकाचा आकडा पुसट असेल, तर पडताळणीसाठी संवत्सर उपयोगी पडते.

राज्याभिषेक शक शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे ६ जून १६७४ पासून (ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६) मोजला जातो.

शुहूर सन : खरी मेख इथेच

मराठा दफ्तरात सर्वाधिक गोंधळ होतो तो शुहूर सनाचा. चौदाव्या शतकात दख्खनमध्ये सुरू झालेला हा सन मृगाबरोबर बदलतो. शेतसारा पिकावर अवलंबून, तर हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे हिजरी साल हंगामापासून सरकत जाते. म्हणून महिने हिजरीचे ठेवून वर्ष मात्र सूर्याचे धरले गेले. सुरुवातीला जुळणारे हे दोन आकडे १८१८ पर्यंत १५ ने दूर गेले, ते याचमुळे.

साल आकड्यांत नव्हे, तर अरबी शब्दांत लिहिलेले असते, तेही एककापासून : 'समान अशर मयातैन व अलफ'. समान म्हणजे ८, अशर १०, मयातैन २००, अलफ १०००, बेरीज १२१८. मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. म्हणजे १८१८.

फसलीचे काय?

फसली म्हणजे पिकाचे, महसुलाचे साल. दख्खनी फसली शाहजहानच्या काळात सुरू झाले. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवतात. शुहूर आणि फसलीत फरक अवघा नऊ वर्षांचा. पण दोहोंची गल्लत झाली, तर बापाचा कागद मुलाच्या नावावर जाऊ शकतो. महसुली वर्ष वेगळे धरण्याची रीत आजही आहे : महाराष्ट्रात ते १ ऑगस्ट ते ३१ जुलै असते.

कागद हाती आला तर

नुसत्या सालावर थांबू नये. महिना, तिथी किंवा चंद्र, वार आणि संवत्सर हे सगळे जंत्रीशी जुळते का, ते मोडीच्या जाणकाराकडून तपासून घ्यावे. सगळे जुळले, तरच तारीख पक्की.