मागचे ब्रेक घरी बदलताना : आधी मोटर मागे, मग हात पुढे

कोरेगावातील आमच्या चुलतभावाचे अंगण पाहायला सपाट दिसते. पण बादलीभर पाणी ओतले की कळते, अंगण रस्त्याच्या बाजूला उतरत गेले आहे. गेल्या मे महिन्यात याच अंगणात एक प्रसंग घडला. तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो, कारण आज आपल्या अनेक घरांपुढे कर्जाने घेतलेली, नाहीतर जुनी विकत घेतलेली मोटार उभी आहे आणि तिची किरकोळ कामे घरीच करण्याची हौस तरुणांना आहे. हौस चांगलीच आहे. पण ब्रेकचे काम किरकोळ नव्हे.

चुलतभावाला घरात सगळे आबा म्हणतात. त्यांची हयात एस.टी.च्या कार्यशाळेत गेली. त्यांचा मुलगा साताऱ्याच्या एम.आय.डी.सी.त कामाला आहे. मुलगी आय.टी.आय.मधून मोटार मेकॅनिकचा ट्रेड पास झालेली. मुलाने दोन वर्षांपूर्वी जुनी मोटार घेतली. तिला हाताने ओढायचा हँडब्रेक नाही. दोन सीटच्या मधे एक बटण आहे. ते वर ओढले की ब्रेक लागतो, खाली दाबले की सुटतो. सुट्टीत सगळ्यांनी पाचगणीला जायचे ठरले होते आणि मागच्या चाकातून किर्र आवाज येत होता. पॅड झिजले होते. "एवढ्यासाठी गॅरेजला कशाला पैसे द्यायचे? जुन्या गाडीचे मीच बदलत होतो," असे म्हणून मुलाने जॅक काढला.

त्याने बटण दाबून ब्रेक सोडला, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि मागचे डावे चाक उचलले. आबांनी न सांगता पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले. कॅलिपर खोलून मुलाने पिस्टनला सी-क्लॅम्प लावला आणि पिळायला सुरुवात केली. पिस्टन थोडा गेला आणि अडला. त्याने आणखी जोर लावला. आतून 'कट्' असा आवाज आला. पुढे बटण ओढले तर मोटर फिरल्याचा आवाज येई, पण पिस्टन जागचा हलेना. आतले दाते तुटले होते. जी मजुरी वाचवायची होती, तिच्या कित्येक पटीने पैसे नव्या भागाला गेले. पाचगणीची सहल त्या सुट्टीत झालीच नाही.

बहीण पाणी घेऊन आली होती. ती एवढेच म्हणाली, "दादा, आधी मोटर मागं घ्यायला सांगावं लागतं. मग हात लावायचा." एका वाक्यात सारा धडा त्यात आहे.

तार गेली, मोटर आली

जुन्या पद्धतीत हँडब्रेक म्हणजे एक तार. आपण दांडा ओढला की तार ताणली जाते आणि मागच्या चाकांचे ब्रेक आवळले जातात. नव्या पद्धतीत तारेची जागा विजेवर चालणाऱ्या मोटरने घेतली. ही सोय २००१ साली आलेल्या बी.एम.डब्ल्यू.च्या सेव्हन सिरीज या महागड्या मोटारीत दिसली आणि हळूहळू खालच्या किमतीच्या गाड्यांत उतरली. आपल्या महाराष्ट्रातच, पुण्याजवळ रांजणगावला २०१७ पासून तयार होऊ लागलेल्या जीप कंपासमध्ये ती होती. २०२० च्या ह्युंदाई क्रेटाच्या वरच्या मॉडेलांत ती आली, २०२१ च्या महिंद्रा एक्स.यू.व्ही. ७०० च्या वरच्या मॉडेलांतही आली. आता याच गाड्या दुसऱ्या हाताने विकल्या जात आहेत. म्हणून हा प्रश्न आता कोरेगाव, रहिमतपूरच्या अंगणातही आला आहे.

बहुतेक गाड्यांत ही मोटर मागच्या कॅलिपरच्या पाठीवरच बसवलेली असते. मोटर फिरते, दातेरी चाके तिचा वेग कमी करून जोर वाढवतात आणि एक आट्यांचा दांडा फिरतो. त्या दांड्यावरची चाकी पुढे सरकून पिस्टनला आतून ढकलते. पिस्टन पॅडला ढकलतो आणि पॅड डिस्कला आवळतो. हे आटे असे असतात की मोटर दांड्याला फिरवू शकते, पण पिस्टनने मागे रेटले तर दांडा उलटा फिरत नाही. म्हणूनच वीज गेली, बॅटरी उतरली तरी लागलेला ब्रेक सुटत नाही. गाडी रात्रभर उतारावर उभी राहते ती याच गुणामुळे. आणि आमच्या पुतण्याच्या क्लॅम्पने जे मोडले तेही याच गुणामुळे.

बटण दाबून ब्रेक सोडला तर ती चाकी अगदी थोडी मागे येते, फक्त चाक मोकळे होण्यापुरती. नवा जाड पॅड बसायला पिस्टन पुरता आत जावा लागतो. त्यासाठी चाकी पार मागे न्यावी लागते. ती नेण्याची आज्ञा गाडीच्या संगणकाला द्यावी लागते. तिला 'सर्व्हिस मोड' म्हणतात. काही गाड्यांत बटण आणि पायाचा ब्रेक ठरावीक क्रमाने दाबून ती देता येते, काहींत पडद्यावरच्या यादीतून. पुष्कळ गाड्यांना मात्र स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर जोडावा लागतो. तुमच्या गाडीचा क्रम तुमच्या गाडीच्याच पुस्तकात पाहावा. शेजाऱ्याच्या गाडीचा क्रम आपल्या गाडीला लावू नये.

एक सावधगिरी. बाजारातले स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनाचे दोष वाचतात. ब्रेकची आज्ञा त्यांना देता येत नाही. घेण्यापूर्वी किंवा भाड्याने आणण्यापूर्वी आपल्या मॉडेलचे ब्रेकचे काम तो करतो का, हे विचारावे. काहीजण मोटरचा सॉकेट काढून तिला बाहेरून बॅटरीच्या तारा लावतात. तसे करू नये. मोटर कुठे थांबायची ते तिला कळत नाही. आतले आटे अडकतात, आणि चाकी कुठे आहे याचा संगणकाचा हिशेबही चुकतो.

चाक उचलण्यापूर्वी

सर्व्हिस मोडमध्ये गाडीला हँडब्रेक नसतो, ही गोष्ट पाटीवर लिहून समोर ठेवावी इतकी महत्त्वाची आहे. गाडी पक्क्या सपाट जागेवरच घ्यावी. आमच्या अंगणासारखी जागा खरे तर या कामाची नव्हे. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावावेत. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जात असेल तर गाडी गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'वर ठेवावी. ताकद मागच्या चाकांना जात असेल तर ती चाके उचलल्यावर गिअरचा काही उपयोग उरत नाही. मग सारा भार ठोकळ्यांवर असतो.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, गाडी तोलून धरण्यासाठी नसतो. उचलल्यावर कंपनीने दाखवलेल्या जागी पक्का लोखंडी स्टँड लावावा. विटा रचून गाडी टेकवू नये. वीट सूचना न देता फुटते.

बॅटरी भरलेली असावी. अर्ध्या वाटेत वीज कमी पडली तर चाकी मधेच अडकते. पुढच्या झाकणाखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण सैल करावे आणि पातळी पाहावी. पिस्टन मागे गेला की ऑइल वर चढते. डबी काठोकाठ असेल तर थोडे आधीच काढून घ्यावे. हे ऑइल रंगावर सांडले तर रंग उडतो, म्हणून ओले फडके जवळ असावे.

आता सर्व्हिस मोडची आज्ञा द्यावी. मोटरचा घुर्र आवाज दोन्ही बाजूंनी येऊन थांबला पाहिजे आणि स्कॅनरवर किंवा पडद्यावर काम झाल्याचे दिसले पाहिजे. मगच गाडी बंद करून चावी काढावी. दुसऱ्या चाकाच्या वेळी आबांची नात गाणी ऐकायला गाडीत शिरत होती. आबांनी तिला कडेवर घेतले आणि चावी स्वतःच्या खिशात घालून ते रस्त्यापलीकडे जाऊन बसले. पॅड काढलेले असताना कोणी बटण ओढले तर पिस्टन बाहेर येतो, आणि मधे बोट असेल तर बोट चेचते. चावी जवळ असली की चालू होणारी गाडी असेल तर चावी गाडीपासून दूरच हवी.

पॅड बदलताना

नव्या पॅडवरचा घासणारा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरपर्यंत आला की पॅड बदलावा. बदलायचा तर दोन्ही मागच्या चाकांचे एकदमच. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते.

कॅलिपर खोलल्यावर तो रबरी नळीला लोंबकळत ठेवू नये. तारेने वर बांधावा. मोटरच्या विजेच्या तारेलाही ताण पडता कामा नये. आतली काळी धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये. ती छातीत जाते. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसावी. डिस्कवर तिची कमीत कमी जाडी कोरलेली असते. त्याखाली गेली असेल किंवा खोल चरे असतील तर नुसते पॅड बदलून भागत नाही.

पिस्टन क्लॅम्पने सरळ आणि सावकाश आत ढकलावा. तारेच्या हँडब्रेकचे पुष्कळ पिस्टन फिरवत आत न्यावे लागतात. मोटर लावलेले बहुतेक पिस्टन फिरवायचे नसतात. आणि पिस्टन अडला तर थांबावे. अडला म्हणजे चाकी मागे गेलेली नाही किंवा पिस्टन गंजला आहे. दोन्हींवर जोर हे उत्तर नाही. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पुसून त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. साधे ग्रीस रबर फुगवते. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला तेलाचा, ग्रीसचा थेंबही लागू देऊ नये. बोल्ट किती आवळायचे ते पुस्तकात दिलेले असते. ते टॉर्क पान्यानेच आवळावेत, अंदाजाने नव्हे.

परीक्षा बाकी असते

काम झाले म्हणून लगेच गाडी रस्त्यावर काढणे ही सर्वांत मोठी चूक. पॅड आणि डिस्क यांमध्ये या वेळी फट असते. पहिल्यांदा पाय दाबला तर पेडल सरळ तळाला जाते. म्हणून गाडी हलवण्यापूर्वी, पेडल दगडासारखे कडक होईपर्यंत ते सावकाश दाबत राहावे. मग सर्व्हिस मोडमधून बाहेर यावे, बटणाने ब्रेक दोन-तीनदा लावून सोडावा आणि समोरचा दिवा विझतो का ते पाहावे. ऑइलची पातळी पाहून झाकण घट्ट करावे. गाडी जमिनीवर आल्यावर नट समोरासमोरचे धरून आवळावेत.

मग मोकळ्या सपाट रस्त्यावर सायकलच्या वेगाने जाऊन ब्रेक तपासावा. त्यानंतर वेग थोडा वाढवून काही वेळा हलकेच थांबावे. नवा पॅड डिस्कवर बसायला थोडे अंतर चालावे लागते. शेवटी चढावर गाडी उभी करून नुसता बटणाचा ब्रेक लावावा आणि पाय पेडलजवळ ठेवून गाडी हलते का ते पाहावे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत मोटारीचा पार्किंग ब्रेक २० टक्के उतारावर, म्हणजे १०० मीटरला २० मीटर उतरणाऱ्या जागी, भरलेली गाडी धरून ठेवील असा असावा लागतो. गावातल्या साध्या चढावर गाडी सरकली, तर ती घाटात नेऊ नये.

घाटाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट उतरताना ब्रेक सारखे तापतात. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. डॉट ४ प्रतीचे ऑइल कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरलेली असते. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल पोकळ लागते. नवे पॅड आणि वर्षानुवर्षांचे जुने ऑइल ही जोडी म्हणून फसवी आहे. कंपनीने सांगितलेल्या मुदतीत ऑइलही बदलावे.

कोणी हात घालू नये

सर्व्हिस मोडची आज्ञा देता येत नसेल, लोखंडी स्टँड नसेल, टॉर्क पाना मिळत नसेल किंवा कॅलिपरमधून ऑइल गळत असेल, तर हे काम जाणत्या कारागिरालाच द्यावे. त्यात कमीपणा नाही. मजुरी ही त्याच्या शिक्षणाची किंमत आहे. पण तिथेही गाडी देऊन चहाला निघून जाऊ नये. उभे राहावे, पाहावे, विचारावे. "मोटर मागे घेतली का?" हा एक प्रश्न विचारला की समोरच्यालाही कळते, गिऱ्हाईक डोळस आहे.

आमच्या आबांच्या अंगणातले दुसरे चाक मुलीने केले. ओळखीच्या कारागिराकडून तिने तासाभरासाठी स्कॅनर आणला आणि आधी आज्ञा दिली. पिस्टन दोन बोटांच्या जोरात सरकावा तसा आत गेला. भाऊ तिच्या हाताशी पाने देत बसला होता. आबांनी चाळीस वर्षांचा अनुभव बाजूला ठेवून मुलीला विचारले, "हे पडद्यावर काय लिहिलंय गं?" तिने वाचून दाखवले. आबांनी मान हलवली आणि पुन्हा एकदा जाऊन पुढच्या चाकांचे दगड पक्के आहेत का ते पाहिले.

जुन्याने दगड लावावेत, नव्याने आज्ञा द्यावी. घरच्या माणसांना बसवून घाट उतरायचा असेल तर दोन्ही हवे.