समोरच्यावर मात, त्याआधी आपल्या मनावर ताबा

टेनिसच्या दोन खेळाडूंमध्ये एक जाळी असते. कोणी कोणाला हात लावत नाही, तरी मनाची एवढी कसोटी पाहणारे खेळ थोडेच. एकेरीत खेळाडू कोर्टवर एकटा असतो. चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो थोडा वेळ. उरलेला वेळ दोन गुणांच्या मधला असतो. मागचा चुकलेला फटका, पंचांचा निर्णय, प्रेक्षकांची हुर्यो हे सगळे याच वेळात डोक्यात घुसते.

प्रतिस्पर्ध्यावर मानसिक वरचष्मा मिळवायचा म्हणजे डोळे वटारायचे, ओरडायचे, डिवचायचे, असा अनेकांचा समज असतो. आम्हाला तसे वाटत नाही. आमच्या म्हणण्याला विम्बल्डनचा एक अंतिम सामना साक्षीदार आहे.

५ जुलै १९७५

त्या दिवशी एका बाजूला होता बावीस वर्षांचा जिमी कॉनर्स. आदल्या वर्षी चारपैकी तीन ग्रँड स्लॅम स्पर्धा त्याने जिंकल्या होत्या आणि या विम्बल्डनमध्ये अंतिम फेरीपर्यंत एकही सेट गमावला नव्हता. दुसऱ्या बाजूला बत्तिशीला टेकलेला आर्थर अ‍ॅश. कॉनर्सकडून तो याआधी तिन्ही वेळा हरला होता. शिवाय कॉनर्सने त्याच्यावर बदनामीचा दावा लावलेला होता.

अ‍ॅश हा अमेरिकेतल्या रिचमंड शहरातला कृष्णवर्णीय मुलगा. वडील कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या मैदानाची देखभाल करत. गोऱ्यांच्या बागेतल्या टेनिस कोर्टवर त्याला प्रवेश नव्हता. पाणवठ्याचा आणि मंदिराचा इतिहास ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

अ‍ॅशचा मूळ खेळ जोरकस फटक्यांचा होता. पण वेगवान चेंडू हेच तर कॉनर्सचे खाद्य! म्हणून अ‍ॅशने तो वेगच काढून घेतला. हळू, खाली राहणारे चेंडू, डोक्यावरून जाणारे लॉब आणि कोर्टच्या बाहेर खेचणारी सर्व्हिस. बाजू बदलताना खुर्चीवर बसला की तो डोळे मिटून स्तब्ध राही. कॉनर्सला जोर लावायला ना वेगवान चेंडू मिळाला, ना रागावलेला प्रतिस्पर्धी.

पहिले दोन सेट अ‍ॅशने ६-१, ६-१ असे घेतले. तिसरा ५-७ असा गेला. चौथ्यात तो ०-३ ने मागे पडला. खरी परीक्षा इथे होती. घाबरून त्याने जुनी सवय धरली नाही, ठरवलेला खेळ सोडला नाही. तो सेट ६-४ असा जिंकून विम्बल्डन एकेरीचा तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष विजेता ठरला.

शरीरात काय होते?

भीती वा राग आला की शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढते. नाडी जलद होते, श्वास उथळ होतो, खांदे आणि मनगट आवळले जातात. हातातले कसब जागेवरच असते, पण आवळलेला हात ते बाहेर येऊ देत नाही. खेळाडूला जे कोर्टवर होते तेच आपल्या मुलांना परीक्षेच्या हॉलमध्ये आणि मुलाखतीच्या खोलीत होते.

नाडीला आपण हुकूम देऊ शकत नाही, श्वासाला मात्र वळण लावू शकतो. श्वास सावकाश सोडला की नाडीचा वेगही उतरू लागतो. तथागतांनी आनापानसतीत श्वासाकडेच लक्ष द्यायला शिकवले. मन हे सर्वांचे केंद्र आहे, ही बुद्धांची शिकवण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ठळकपणे मांडली आहे. नोव्हाक जोकोविचसारखा खेळाडू विम्बल्डनच्या दिवसांत तिथल्या बुद्धपदीप विहारात जाऊन ध्यान करत आला आहे, तो याचसाठी.

शांत म्हणजे मुकाट नव्हे

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘शांत राहा’ हे शब्द आपल्या समाजाला अनेकदा तोंड बंद ठेवण्यासाठी ऐकवले गेले आहेत. अ‍ॅशचे प्रशिक्षक डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन हे पेशाने डॉक्टर. आपल्या बाजूला रेषेच्या थोडा बाहेर पडलेला चेंडूही परत मारा, वाद घालू नका, असे ते कृष्णवर्णीय मुलांना शिकवत. कोणी लबाडीचा आरोप करून स्पर्धेतून हाकलू नये, हे त्यामागचे कारण. ती त्या काळाची सक्ती होती आणि ती अन्यायकारकच होती.

पण तीच शिस्त अ‍ॅशने पुढे लढ्यासाठी वापरली. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध तो उभा राहिला आणि १९८५ मध्ये वॉशिंग्टनला त्यासाठी अटकही करवून घेतली. राग गिळायचा नसतो, त्याला कामाला लावायचे असते.

मुलांना हे शिकवू या

१. चूक झाली की पाठ फिरवा, दोन पावले चाला. तो गुण संपला.

२. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, सहा मोजत सोडा. असे तीन वेळा. श्वास रोखून धरू नका. चक्कर आली तर थांबा.

३. पुढे नेमके काय करायचे, ते एका वाक्यात मनाशी सांगा. ‘हरायचे नाही’ असे नको. ‘चेंडू खोल टाकायचा’ असे हवे.

४. प्रत्येक वेळी एकच ठरलेली कृती करा: चेंडू दोनदा आपटणे, किंवा पेनचे टोपण लावून काढणे. सवयीची कृती मनाला जागेवर आणते.

५. कोणी जातीवरून डिवचले तर त्या क्षणी हातातले काम पूर्ण करा. त्यानंतर घरी सांगा आणि लेखी तक्रार करा. मुलांनी तक्रार आणली की मोठ्यांनी तिच्या मागे ठाम उभे राहावे.

हे सरावाने जमते, सामन्याच्या दिवशी एकदम नाही. विहारातल्या मुलांकडून रोज पाच मिनिटे करून घ्या.

मात्र झोप उडाली, जेवण सुटले, मूल गप्प गप्प राहू लागले किंवा जगणे नको म्हणू लागले, तर केवळ श्वासावर विसंबू नका. डॉक्टरांकडे न्या. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. मदत मागणे हा पराभव नाही.

समोरचा आपल्याला कमी लेखत असेल, तर त्याची कल्पना आपल्या हातात नाही. पुढचा श्वास आणि पुढचा फटका मात्र आपल्याच हातात आहे.