वाचलेला डबा कुणाचा?

डाएट, डिटॉक्स, इंटरमिटंट फास्टिंग... पोट रिकामं ठेवायचे सगळे फंडे आपल्याला पाठ आहेत. ख्रिस्ती उपवास मात्र पोटाशी थांबत नाही. तो पुढचा प्रश्न विचारतो: तुमचं जे जेवण वाचलं, ते गेलं कुठे?

उपवास म्हटला की आपल्याला आधी आठवतं ते खाणंच. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि वर राजगिऱ्याचा लाडू. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच पडलेली नाही. त्यात हल्ली ऑफिसात एक नवी जमात आली आहे, सोळा-आठवाल्यांची. सोळा तास उपाशी, आठ तासांत काय ते खायचं. ही मंडळी सकाळी ब्लॅक कॉफीचा मग घेऊन फ्लोअरभर फिरतात आणि भेटेल त्याला सांगतात, ‘माझी विंडो एकला उघडते!’

या गर्दीत उपवास करणारा तिसराही एक जण असतो, पण तो तुमच्या लक्षात येत नाही. फेब्रुवारी-मार्चमधल्या शुक्रवारी टीम लंचला सगळे चिकन बिर्याणीवर तुटून पडलेले असताना तो गुपचूप व्हेज पुलाव घेतो. विचारलंत तर म्हणतो, ‘सहजच रे.’ तो ख्रिस्ती असेल तर बहुतेक ‘लेंट’ पाळत असतो. आणि तो सांगत नाही याचं कारण त्याचा लाजाळूपणा नव्हे. मुळात शिकवणच तशी आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू अगदी प्रॅक्टिकल सूचना देतो: उपवास करताना तोंड पाडून बसू नका, चेहरा धुवा, डोक्याला तेल लावा, म्हणजे तुम्ही उपाशी आहात हे लोकांना कळणार नाही. थोडक्यात, नो स्टेटस अपडेट.

चाळीस दिवसांचं गणित

लेंटला चर्चच्या मराठीत प्रायश्चित्तकाळ किंवा उपवासकाळ म्हणतात. तो राखेच्या बुधवारी, म्हणजे ॲश वेन्सडेला सुरू होतो. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या फांद्या जाळून त्यांची राख कपाळाला लावतात. त्याच्या आदले चार दिवस गोव्यात कार्निव्हलचा दंगा असतो, तो याचसाठी. एकदा राख लागली की मौजमजा बंद, म्हणून आधीच काय ती हौस भागवून घ्यायची!

संदर्भ आहे येशूनं रानात काढलेल्या उपवासाच्या चाळीस दिवसांचा. पण २०२६ चं कॅलेंडर काढून मोजा. राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला, ईस्टर ५ एप्रिलला. मधले दिवस भरतात सेहेचाळीस! यात घोळ काही नाही. दर रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणजे सणाचा. सणाला उपवास नाही. सहा रविवार वजा केले की बरोबर चाळीस.

आता हे चाळीस दिवस काही खायचंच नाही का? तर तसं नाही. कॅथलिक चर्चचा सध्याचा नियम आपल्या निर्जळी उपवासापुढे तसा सौम्य आहे. सक्तीचे उपवास वर्षातून दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकच पूर्ण जेवण, आणि हवं तर सकाळ-संध्याकाळ थोडंसं काही. पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली हे ठरवून दिलं. वयाची अट अठरा पूर्ण ते एकोणसाठ पूर्ण. मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदाव्या वर्षापासून लागू होतो आणि तो मुळात वर्षभरातल्या शुक्रवारांसाठी आहे. देशोदेशीच्या बिशपांना त्यात फेरफार करायची मुभा असते. बाकी दिवसांत काय सोडायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं: कुणी दारू, कुणी मिठाई, कुणी सिगारेट.

हे सौम्य वाटत असेल तर तुमच्या केरळच्या सहकाऱ्याला विचारा. तिथल्या सीरियन ख्रिस्ती परंपरेत पन्नास दिवसांचा ‘नोंबू’ असतो. मांस, मासे, अंडी, दूध सगळंच बंद. आणि इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चचं तर विचारूच नका. लेंट वेगळा, शिवाय वर्षातले जवळपास सगळे बुधवार-शुक्रवार उपवासाचे. इथिओपियन हॉटेलांच्या मेनूत शाकाहारी थाळी इतकी भरगच्च का असते, त्याचं उत्तर हे आहे.

पापलेट खाऊन कसला उपवास?

हा प्रश्न प्रत्येक मराठी माणूस विचारतोच, मीही विचारला. शुक्रवारी मटण बंद, पण मासे चालतात. म्हणजे आपल्यासाठी शिक्षा कसली, ही तर पार्टीच! कारण जुनं आहे. चर्चच्या लॅटिन नियमात ‘मांस’ म्हणजे जमिनीवरच्या प्राण्यांचं आणि पक्ष्यांचं. ते श्रीमंतीचं, मेजवानीचं अन्न मानलं जायचं. मासे त्या यादीत बसत नव्हते.

या नियमानं फास्ट फूडचा इतिहाससुद्धा बदललाय. अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका कॅथलिक वस्तीत मॅकडोनाल्ड्सचं दुकान चालवणाऱ्या लू ग्रोएनचा शुक्रवारचा धंदा बसायचा, कारण गिऱ्हाईक बर्गर खायचंच नाही. त्यानं १९६२ मध्ये माशाचा बर्गर काढला. मालक रे क्रॉकनं त्याच्यासमोर अननसाचा बर्गर उतरवला. अननस सपशेल हरला आणि फिले-ओ-फिश जगभर गेला.

माझी एक मैत्रीण वसईची आहे. वसईत मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांच्या कित्येक पिढ्या नांदल्या आहेत. मिस्साही मराठीत आणि भांडणंही मराठीत. हा मासळीचा प्रश्न मी तिच्या आजीला विचारला. आजींनी एका वाक्यात विषय संपवला: ‘अगं, पापलेट खाल्लं तर तो सण झाला. उपवास कसला?’ त्यांच्या घरात लेंटच्या शुक्रवारी डाळ-भात आणि एखादी भाजी. फारच झालं तर थोडी सुकट. गुड फ्रायडेला पेज आणि लोणचं. नियमात बसतं म्हणून ताटात येत नाही. ताट साधं झालं का, एवढंच बघायचं.

हर्मासचा हिशोब

त्याच स्वयंपाकघरात फडताळावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणाला फट पाडलेली. ज्या दिवशी मटण आणलं नाही, त्या दिवशी मटणाचे पैसे त्यात. कुणी चहा सोडला तर चहाचे. ईस्टरच्या आधी डबा उघडतात आणि पैसे पॅरिशच्या गरजू कुटुंबांसाठी जातात.

मला वाटलं, ही आजींची आयडिया. नंतर वाचायला बसले तर कळलं, आयडिया जवळजवळ एकोणीसशे वर्षं जुनी आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेला ‘हर्मासचा मेंढपाळ’ नावाचा एक ख्रिस्ती ग्रंथ आहे. त्यात उपवासाची रीत सांगितली आहे. उपवासाच्या दिवशी भाकरी आणि पाणी, बस्स. एरवी त्या दिवशी जे खाल्लं असतंत त्याची किंमत काढा आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्या. म्हणजे उपवासाचा अकाउंट टॅली व्हायला हवा! त्याच्याही आधी, जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्यानं अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोकांना झापलंय. तुम्ही उपवास करता आणि त्याच दिवशी मजुरांना पिळून घेता. देवाला हवा तो उपवास म्हणजे दबलेल्याला सोडवणं, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं. चौथ्या शतकातले बिशप संत बेसिल तर आणखी टोचून बोलले. मांस सोडलंत, पण आपल्या भावाला खाताय त्याचं काय?

हा धागा तुटलेला नाही. जर्मन बिशपांनी १९५८ मध्ये भूक आणि रोगाविरुद्ध ‘मिझेरिओर’ ही संस्था सुरू केली, ती लेंटमध्ये वर्गणी गोळा करते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाऊनमध्ये १९७५ साली आफ्रिकेतल्या दुष्काळाच्या बातम्या ऐकून लोकांनी घराघरात पुठ्ठ्याच्या ‘राइस बोल’ पेट्या ठेवल्या. साधं जेवायचं, वाचलेले पैसे पेटीत टाकायचे. वसईच्या पत्र्याच्या डब्याची ही सगळी भावंडंच.

माझे सात शुक्रवार

मी ख्रिस्ती नाही. पण लिहायचं तर करून बघायला हवं, म्हणून एका लेंटमधले सातही शुक्रवार मी दुपारचं जेवण सोडलं. सकाळी थोडा नाश्ता, रात्री साधं जेवण. दुपारच्या थाळीचे १८० रुपये एका पाकिटात.

पहिल्या दोन शुक्रवारी अध्यात्म वगैरे काही नाही, नुसती चिडचिड. साडेअकराला डोकं दुखायला लागायचं. एक साधा ई-मेल उद्धट वाटायचा. तिसऱ्या शुक्रवारपासून वेगळंच काही दिसायला लागलं. सगळे जेवायला गेले की पाऊण तास मोकळा मिळायचा. मी खाली चक्कर मारायला जायचे. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, ज्याला मी तोवर फक्त मान हलवत होते, बारा तासांच्या ड्यूटीत दुपारी एक वडापाव खातो हे मला तेव्हा कळलं. त्याचा उपवास नव्हता, त्याचं बजेट होतं. माझी भूक रात्री आठला संपणार हे मला ठाऊक होतं. त्याला तशी काही गॅरंटी नव्हती.

सात शुक्रवारांचे १२६० रुपये झाले. ही रक्कम काही जग बदलणारी नाही. पण ती माझ्या पोटातून निघालेली होती, उरलेल्या पगारातून नाही. देणगी देताना मी एरवी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटते. या वेळी तसं झालं नाही. हे पैसे आपले नाहीतच, चुकून आपल्याकडे राहिलेत, असंच वाटत राहिलं.

तिचा उपवास, दोन वेळ जेवण्याचा

माझा हा अनुभव मी वसईच्या मैत्रिणीला उत्साहानं सांगितला. ती ऐकत राहिली आणि मग तिनं तिची गोष्ट सांगितली. तिच्या परवानगीनं, नाव न देता, ती इथे देतेय.

ती एकोणीस वर्षांची होती. हॉस्टेलला राहायची आणि आरशात बघून रोज स्वतःला जाडी म्हणायची. लेंट सुरू झाला आणि तिला न जेवण्याचं एक पवित्र कारण मिळालं. आधी मांस सोडलं, मग भात, मग रात्रीचं जेवण. घरी आली की सगळे कौतुक करायचे, ‘पोर किती भक्तीनं पाळते!’ ईस्टर आला, गेला. तिचा उपवास चालूच. पाळी थांबली, केस गळायला लागले. शेवटी ती पापनिवेदनाला गेली, तेही आपण एक दिवस पोटभर जेवलो या ‘पापाची’ कबुली द्यायला.

‘फादरनी मला विचारलं, तू शेवटचं नीट कधी जेवलीस? मला आठवेना. मग ते म्हणाले, तुझं प्रायश्चित्त हे: रोज दोन वेळ पूर्ण जेवायचं आणि या आठवड्यात डॉक्टरला भेटायचं. तुझ्यासाठी उपवास म्हणजे जेवणं.’

ती डॉक्टरकडे गेली, काउन्सेलरकडे गेली. बरं व्हायला दोन वर्षं लागली. आजही ती लेंटमध्ये जेवण सोडत नाही. चर्चच्या नियमानंही आजारी माणसाला उपवासाची सक्ती नाहीच. ती सोडते ते वजनकाटा आणि स्वतःचे फोटो काढणं. पत्र्याच्या डब्यात मात्र पैसे टाकते, एका महिन्याच्या ब्यूटी पार्लरचे.

तिचं ऐकून मला या सगळ्यातला फंडा क्लिअर झाला. डाएट आणि उपवास बाहेरून अगदी सारखे दिसतात, दोन्हीत ताट रिकामंच असतं. पण डाएटमध्ये नजर शेवटी स्वतःवरच असते: माझं वजन, माझी शुगर, माझी विंडो. लेंटचा उपवास ती नजर उचलून दुसऱ्याकडे वळवायला सांगतो. ती वळत नसेल, उलट आरशातच आणखी रुतत असेल, तर तो उपवास मोडणं हेच धर्माचं काम.

करून बघायचंय?

धर्म कुठलाही असो, करून बघायला हरकत नाही. फक्त चार गोष्टी सांभाळा.

डायबेटिस असेल, विशेषतः इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नका. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, आजारी असाल किंवा अंगमेहनतीचं काम असेल, तर हा प्रयोग तुमच्यासाठी नाही.

खाण्याशी तुमचं आधीच भांडण असेल, तर जेवण सोडू नका. दुसरं काही सोडा, आणि कुणाशी तरी बोला.

रात्री दुप्पट खाऊन हिशोब बरोबर करू नका. त्यासाठी आपली एकादशी आहेच!

आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची. वाचलेले पैसे त्याच दिवशी वेगळे काढा. पाकीट, डबा, काहीही चालेल. ते कुणाला द्यायचे हे ठरवण्यासाठी लांब जायची गरज नाही. दुपारी दोन वाजता खाली जाऊन एक चक्कर मारा, आणि कोण काय खातंय ते नुसतं बघून या.