चाळिशीतली उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द आज निवडणुकीच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीच्या संदर्भातच बहुधा कानी पडतो. जुन्या पिढीला त्याचा आणखी एक अर्थ ठाऊक होता. छापखान्यात, वकिलाच्या कचेरीत, सोनाराच्या पेढीवर किंवा सुताराच्या हाताखाली काम शिकण्यासाठी राहिलेला मुलगा तो उमेदवार, आणि त्याचा बिनपगारी अथवा अल्पपगारी काळ म्हणजे उमेदवारी. कायद्यानेही हाच शब्द स्वीकारला. १९६१ च्या अधिनियमात त्याला ‘शिकाऊ उमेदवार’ असे म्हटले आहे. सोळा-सतरा वर्षांच्या त्या मुलाचा जेवणाखाण्याचा खर्च वडील किंवा मामा-काका उचलीत, आणि म्हणूनच त्याला निश्चिंतपणे शिकता येई.

आता हीच उमेदवारी चाळिशीतल्या माणसाच्या वाट्याला येऊ लागली आहे. कारखाना बंद पडतो, यंत्र बदलते, प्रकृती साथ देईनाशी होते किंवा पंधरा-वीस वर्षे केलेल्या कामाचा खरोखरच कंटाळा येतो. नवा व्यवसाय शिकण्याची बुद्धी आणि इच्छा या वयातही असते. पण आता घरातला वडील माणूस तो स्वतःच असतो. त्याच्या उमेदवारीचा खर्च उचलायचा कोणी? व्यवसायबदलाविषयी पुष्कळ सल्ले दिले जातात. त्यांत हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

गिरणगावाचा अनुभव

या प्रश्नाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कठोर उदाहरण मुंबईच्या गिरणगावात घडले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कापड गिरणी कामगार उतरले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेलाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत आणि हजारो कुटुंबांपुढे व्यवसायबदलाचा प्रश्न एकाच वेळी उभा राहिला. कोणी भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले, कोणी रिक्षा चालवू लागले, कोणी भाजीची पाटी घेतली, कोणी इमारतींच्या दारात रखवालदार झाले, तर कित्येक जण कोकणातल्या वा घाटावरच्या आपल्या गावी परतले.

यांत भिवंडीला गेलेल्या विणकराचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. त्याच्या हातचे कसब तेच राहिले. धोटा, ताणा, बाणा सारे ओळखीचे. तरीही गिरणीतला पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधी आणि संघटनेचे बळ त्याला तेथे मिळाले नाही. कसब टिकले म्हणजे उत्पन्न टिकते असे नाही, हे त्याला फार महाग किंमत देऊन शिकावे लागले.

केंद्र शासनाने १९८६ मध्ये कायमच्या बंद पडलेल्या खासगी कापड गिरण्यांतील कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना आणली. तिची रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. पात्र कामगारास पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के इतके साहाय्य देण्याची तिच्यात तरतूद होती. दुसऱ्या नोंदणीकृत आस्थापनेत नोकरी लागली की साहाय्य थांबे. स्वतःचा छोटा धंदा सुरू केला तर मात्र ते चालू राही. तेव्हा एका कामातून दुसऱ्या कामात स्थिर होण्यास माणसाला तीन वर्षे लागू शकतात, आणि त्या काळात त्याची गरज एकदम न संपता हळूहळू उतरत जाते, हे शासनाने तेव्हाच गृहीत धरले होते. स्वतःपुरता विचार करणाऱ्या नोकरदारानेही हीच उतरंड कागदावर मांडून पाहावी.

त्याच गिरणगावात दुसरीही एक गोष्ट घडत होती. घरापासून दूर राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या स्त्रिया वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या जबर व्याजावर आपला धंदा रेटीत असत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचवले. संपाने या स्त्रियांचे जेवणारेच हिरावून नेले. पुढे संस्थेने कार्यालयांना आणि संस्थांना भोजन पुरवण्याचे काम उभे केले. हात तोच, चूल तीच, गिऱ्हाईक बदलले. विणकराच्या अनुभवाशेजारी हा अनुभव ठेवला तर असे दिसते की कसब किंवा गिऱ्हाईक यांपैकी एक गोष्ट जुनी असली तर बदल सोसतो, परंतु मोल देणारे गिऱ्हाईक शोधल्याखेरीज निव्वळ कसब फार दूर नेत नाही. कसब आणि गिऱ्हाईक दोन्ही एकाच वेळी नवे घेणे हे प्रौढ माणसाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे.

बँकेच्या दारातले उदाहरण

दुसऱ्याचे सांगताना बँकांनी आपल्या घरातले विसरू नये. नोव्हेंबर २००० नंतर सार्वजनिक क्षेत्रातील बहुतेक बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना राबवली. पंधरा वर्षांची सेवा किंवा वयाची चाळीस वर्षे पूर्ण झालेल्यांना ती खुली होती. सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी साठ दिवसांचे वेतन किंवा उरलेल्या सेवाकाळाचे वेतन, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती सानुग्रह म्हणून मिळणार होती. देशभरातील सुमारे एक लाख कर्मचारी व अधिकारी या योजनेखाली बाहेर पडले.

यांतील पुष्कळांच्या हाती आयुष्यात प्रथमच एवढी मोठी रक्कम एकरकमी आली. ती ठेवीत ठेवावी, व्याजावर घर चालवावे आणि जमेल तसे एखादे काम पाहावे, हा हिशेब त्या दिवशी चुकीचा वाटण्याजोगा नव्हता. २०००-०१ मध्ये दीर्घ मुदतीच्या ठेवींवर साडेआठ ते दहा टक्के व्याज मिळत होते. २००३-०४ पर्यंत हा दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास उतरला. दहा लाखांच्या ठेवीवर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याला सुमारे ७,९०० रुपये पडतात. नूतनीकरणाच्या वेळी तेच साडेपाच टक्क्यांनी ४,६०० रुपयांच्या घरात येतात. २००४ मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजना नऊ टक्के दराने सुरू झाली आणि स्वेच्छानिवृत्तांना ती पंचावन्नाव्या वर्षापासून खुली करण्यात आली. पंचेचाळिशीत बाहेर पडलेल्याला तिचा तत्काळ उपयोग नव्हता.

ज्यांनी पेटीतल्या पैशापेक्षा अंगच्या कामाकडे अधिक लक्ष दिले, त्यांची वाट निराळी झाली. खतावणी नीट लिहिणाऱ्याला गृहनिर्माण संस्थांचे हिशेब मिळतात, कर्ज विभागात वर्षे काढलेल्याची गरज पतसंस्थेला असते, छोट्या व्यापाऱ्यालाही विवरणपत्रे भरून देणारा भरवशाचा माणूस हवाच असतो. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये व्यवसाय प्रतिनिधींची पद्धत सुरू केली आणि पुढे निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनाही हे काम करण्यास मुभा दिली. गावातला बँकमित्र हा कधी काळी शाखेतला रोखपाल असू शकतो, तो असा.

शाखेच्या दारातला सशस्त्र रक्षक बहुधा माजी सैनिक असतो. व्यवसायबदल हा सैनिकाच्या आयुष्यातला ठरलेलाच टप्पा आहे. पस्तिशी-चाळिशीत तो गणवेश उतरवतो. सैन्याच्या पुनर्वसन महासंचालनालयातर्फे त्याच्यासाठी चालणारे अभ्यासक्रम हे सेवेच्या अखेरच्या काळात, म्हणजे पगार चालू असताना, घेता येतात. गिरणी कामगाराला जे कधीच मिळाले नाही ते नेमके हेच. नागरी नोकरीत अशी सोय मालक सहसा करून देत नाही. तेव्हा ती ज्याची त्याने करावयाची असते.

मधल्या काळाचा हिशेब

उदाहरणादाखल महिना ३०,००० रुपये घरखर्च असलेले एक कुटुंब घेऊ. कमावत्या माणसाने नोकरी सोडून सहा महिने पूर्णवेळ प्रशिक्षण घेतले, तर या काळातला खर्च १,८०,००० रुपये. पुढील पहिल्या वर्षी नव्या व्यवसायातून सरासरीने निम्मा खर्च निघाला असे धरू. तूट पुन्हा १,८०,००० रुपयांची. शुल्क आणि किरकोळ साहित्य यांचे २०,००० रुपये. एकूण ३,८०,०००, म्हणजे जवळजवळ तेरा महिन्यांचा घरखर्च. हत्यारे किंवा यंत्र यांचा खर्च यात धरलेला नाही, कारण त्यासाठी कर्ज मिळू शकते. मधल्या काळातील किराणा आणि शाळेची फी यांसाठी मात्र व्यवसायकर्ज मिळत नाही, मिळू नये हेही योग्यच.

हीच रक्कम दरमहा ८,००० रुपयांच्या आवर्ती ठेवीने उभी करायची म्हटली, तर साडेसहा टक्के व्याज धरून साधारण साडेतीन वर्षे लागतात. बेचाळिसाव्या वर्षी वाट बदलायची असेल तर खाते अडतिसाव्या वर्षी उघडावे लागेल. मधल्या वर्षांत रविवारी आणि रजेच्या दिवसांत त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाच्या हाताखाली काम करून पाहता येते. वीस वर्षांच्या मुलाकडून ‘काका, पाना उलटा धरलाय’ हे ऐकून घेण्याची तयारी आपल्यात आहे की नाही, तेही त्याच वेळी कळते. अनेकांचा बेत याच ठिकाणी मोडतो, आणि नोकरी शाबूत असताना तो मोडलेला बरा.

शिकायचे कोठे

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची योजना १९५० पासूनची. तेथे प्रवेशासाठी किमान वय चौदा वर्षे आहे. कमाल वयाची अट नाही, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तथापि वीजतंत्री किंवा जोडारी यांसारखे अभ्यासक्रम दोन वर्षांचे व पूर्णवेळ असल्याने नोकरदाराला ते सहसा झेपत नाहीत. सांधाता म्हणजे वेल्डिंगचे काम एका वर्षाचे आहे.

ज्याला काम येते पण कागद नाही, त्याच्यासाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वकौशल्याला मान्यता देण्याची पद्धत आली. पूर्ण अभ्यासक्रमाऐवजी थोडी उजळणी, परीक्षा आणि प्रमाणपत्र असे तिचे स्वरूप. मात्र काही धंद्यांत प्रमाणपत्राच्या पुढे परवानाही लागतो. घरांतील विजेचे काम करणाऱ्याला राज्याच्या विद्युत अनुज्ञापक यंत्रणेचा तारतंत्री परवाना हवा. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवी. हे अगोदर विचारून घ्यावे.

ग्रामीण व निमशहरी वाचकांनी आपल्या जिल्ह्यातील ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेची चौकशी अवश्य करावी. या संस्थांचे मूळ कर्नाटकातील उजिरे येथे आहे. १९८२ मध्ये धर्मस्थळच्या वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांच्या सहभागाने तेथे पहिली संस्था निघाली. २००९ नंतर केंद्र शासनाने हा नमुना जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. संस्था चालवण्याचे काम बँकांकडे आहे. प्रशिक्षण निवासी, विनामूल्य आणि थोड्या दिवसांचे. दुग्धव्यवसाय, शेळीपालन, शिवणकाम, दुचाकी दुरुस्ती असे विषय. प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा केला जातो, ही तिची खरी मोठी बाजू. वयोमर्यादा असल्याने अर्जापूर्वी ती पाहून घ्यावी. दोन-तीन आठवड्यांच्या रजेत जे शिकता येते ते या संस्थांत शिकता येते.

राजीनाम्यापूर्वी

राजीनाम्याची तारीख ठरवताना काही आकडे पाहिलेच पाहिजेत. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत दहा वर्षांच्या पात्र सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क निर्माण होतो. नऊ वर्षे आणि काही महिन्यांवर सोडणाऱ्याने थोडे थांबावे. उपदानासाठी कायम कर्मचाऱ्याला सामान्यतः पाच वर्षांची सलग सेवा लागते. मालकाने काढलेला सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. नव्या विम्यात आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. २०२४ मध्ये त्याची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणण्यात आली, तरी तीन वर्षे लहान नाहीत. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्याने स्वतःचा विमा नोकरीत असतानाच, शक्य तितक्या लवकर घ्यावा.

राहिला कर्जाचा भाग. शेतीबाहेरच्या छोट्या उद्योगासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत नव्या अर्जदाराला तारणाशिवाय दहा लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. अर्जदार चाळिशी ओलांडलेला आणि धंद्यात नवा असेल तर अधिकारी यंत्राचे दरपत्रक पाहतोच. पण त्याआधी पाहतो ते त्याच्या बचत खात्याचे उतारे. यंत्र आले, पहिली तीन-चार गिऱ्हाइके मिळाली, पैसे दोन महिन्यांनी येणार असतील, तर हप्ता कशातून भरणार आणि घर कशातून चालणार, हे त्याला त्या उताऱ्यावरून समजते. परतफेड सुरू होण्यापूर्वी काही महिन्यांची सवलत मागता येते. ती अर्जातच मागावी. कर्ज मंजूर झाल्यावर मागितली की सारी कागदपत्रे पुन्हा फिरवावी लागतात.