आज्ञा पोचली का?

वैशाखातील ऊन म्हणजे काय, हे सौंसरच्या वृद्धांना विचारावे. मुलगा नोकरीनिमित्त नागपुरास आणि आई घरी अंथरुणास खिळलेली, अशी कुटुंबे आपल्यात थोडी नाहीत. अशा घरांसाठी आता एक नवी सोय झाली आहे. मुलगा नागपुरात आपल्या मोबाइलवर बोट ठेवतो आणि सौंसरच्या खोलीतील कूलर सुरू होतो. हे कसे घडते व त्यावर किती विसंबावे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने सूर्यप्रकाश लोलकातून नेला आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नाही तेथे, उष्णतामापक ठेवला. पारा वर चढला. तेच हे अवरक्त किरण. रिमोटच्या टोकाचा चिमुकला दिवा हेच किरण फेकतो. ते बहुधा सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतात. म्हणून ऊन व दिवे यांच्या गर्दीतूनही यंत्र आपला निरोप ओळखते. किरणांचे झोत व त्यांमधील लहानमोठे विराम यांतून, तारायंत्राप्रमाणे, आज्ञा तयार होते.

संगणकाची आज्ञावली एवढेच करते की, मूळ रिमोटचे झोत व विराम मोजून नोंदून ठेवते आणि सांगताच ते जसेच्या तसे पाठविते. हे किरण भिंत भेदीत नाहीत. म्हणून नागपूरची आज्ञा इंटरनेटने घरापर्यंत येते आणि त्याच खोलीत ठेवलेली एक लहानशी पेटी ती किरणांनी कूलरपर्यंत पोचविते.

खरी मेख पुढेच आहे. हा निरोप एकेरी असतो. कूलर उलट पोच देत नाही. मध्ये पडदा आला किंवा कूलरचा वीजपुरवठा बंद असला, तरी पेटी किरण सोडून मोकळी होते व मुलास वाटते, काम झाले. शिवाय पुष्कळ यंत्रांना 'चालू' व 'बंद' यांसाठी एकच खूण असते. शंका येऊन दुसऱ्यांदा बोट ठेवले, की चालू झालेला कूलर बंद! वातानुकूलन यंत्राचा रिमोट बहुधा दर वेळी तापमानासह सर्व माहिती पाठवितो, म्हणून तेथे हा घोटाळा कमी; परंतु पोच तेथेही नाही.

यावर उपाय आहे. खोलीचे तापमान किंवा यंत्राने घेतलेली वीज मोजणारे साधन बसवावे, म्हणजे खरी स्थिती मुलास कळेल. पण माउलीला तहान लागली आहे काय, तिला एकटे वाटते काय, हे कोणते साधन सांगणार? रुग्णांस भेटणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या सात शारीरिक कृत्यांत गणले आहे. तेव्हा बटण अवश्य दाबावे. मात्र त्यानंतर आईला फोन करून तिचा आवाज ऐकावा, आणि शेजाऱ्यांनीही येता-जाता तिच्या दारात डोकावून जावे. पोच मिळते ती तेथेच.